वय ४१, सायकल लेकीची: चार महिन्यांच्या नोंदी

मी आशा सेविका. गाव यवतमाळ जिल्ह्यात, कळंब तालुक्यात. गावाशिवाय ४ किलोमीटरवरचं एक कोलाम पोड, म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, माझ्याकडे आहे. तिथं बस जात नाही, ऑटो जात नाही. पांदणीनं, म्हणजे वावरांमधल्या बंडीच्या वाटेनं, पायी जायचं, पायीच यायचं. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी बाळाला बघायला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जावंच लागतं. एका बाळामागे सहा खेपा, म्हणजे ४८ किलोमीटर चालणं. जानेवारीत पोडावर एक बाळंतपण आहे. तोवर सायकल यायला पाहिजे, एवढं ठरवून सुरुवात केली.

सायकल मी कधी हाती धरली नव्हती. माहेरी एकच होती, ती भावाची.

या नोंदी माझ्यासारख्या, उशिरा शिकणाऱ्या बायांसाठी आहेत. पडशील, दुखेल, मग येईल, एवढंच सगळे सांगतात. कुठं दुखेल, का दुखेल आणि त्यावर काय करायचं, हे कोणी सांगत नाही. घरभेटीत कुणी दुखणं सांगितलं की मी तीन गोष्टी विचारते: नेमकं कुठं, कधी सुरू होतं, काय केलं की कमी होतं. तेच प्रश्न स्वतःला विचारून वहीत लिहीत गेले.

७ नोव्हेंबर

लेकीला शाळेतून सरकारच्या मानव विकास योजनेतली सायकल मिळाली होती. बारावी झाल्यावर ती यवतमाळला शिकायला गेली आणि सायकल दोन वर्षं कोठ्यात ढेपेच्या पोत्यांमागे पडून राहिली. बाहेर काढली तर दोन्ही टायरला चिरा, चेन गंजून काठीसारखी ताठ, मागचा ब्रेक लागत नाही, सीटचा स्पंज उंदरांनी कोरून नेलेला.

बंडीत टाकून बाजाराच्या गावी सायकलवाल्या काकाजींकडे नेली. दोन टायर ६४०, दोन ट्यूब २६०, चेन १६०, ब्रेकचे चार रबर ६०, नवी सीट ३२०, मजुरी २००. एकूण १,६४० रुपये. सीट मी निवडली. दुकानातली सगळ्यात जाड, सगळ्यात मऊ. ते ३२० रुपये वाया गेले, ते पुढे लिहिलं आहे. चेनचंही तसंच. डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवली असती तर बहुतेक मोकळी झाली असती, असं काकाजींनी नवी बसवून झाल्यावर सांगितलं. आधी विचारायला हवं होतं.

१० नोव्हेंबर

संध्याकाळी घरासमोरच्या सडकेवर पहिला प्रयत्न. यांनी मागून कॅरिअर धरलं, मी पायडल मारत होते. वीस मिनिटांत चार वेळा पडले. चारही वेळा यांनी हात सोडला त्याच क्षणी. गल्लीतले पोट्टे गोळा झाले, शेजारच्या काकूंनी ओट्यावरून विचारलं, "काहून वं माय, आता या वयात कायले?" उत्तर दिलं नाही, पण अंग आखडलं आणि पुढचं काही जमलं नाही.

रात्री विचार केला. मागून कुणी धरलं की तोल तो माणूस सांभाळतो, मी नाही. म्हणजे वीस मिनिटं यांचा सराव झाला, माझा नाही.

११ नोव्हेंबर

लेकीला फोन केला. तिनं सांगितलं की पायडल काढून टाक, सीट एवढी खाली घे की दोन्ही तळवे जमिनीवर टेकतील, आणि पायांनी ढकलत चाल. तोल आधी, पायडल नंतर.

१४-१५ चा पाना घेतला, ८० रुपये. चौदाची बाजू माझ्या सीटच्या नटाला लागते, पंधराची पायडलला. उजवं पायडल दोन झटक्यांत निघालं. डाव्याशी अर्धा तास झुंजले, पान्यावर पाय देऊन उभी राहिले, तरी हलेना. मी ते उलट अधिकाधिक आवळत होते. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. बाकी सगळे नट डावीकडे फिरवले की सुटतात, हे एकटं उजवीकडे फिरवायचं. पाय मारताना ते आपोआप ढिलं होऊ नये म्हणून तशी रचना असते. हे कळल्यावर पाच मिनिटांचं काम होतं.

१२ ते १७ नोव्हेंबर

जागा बदलली. शाळेच्या मैदानाला नाल्याकडे हलका उतार आहे. पहाटे साडेपाचला जाते, तेव्हा तिथं कोणी नसतं. बघणारं कोणी नसलं की खांदे सैल राहतात, हा मोठा फरक पडला. थंडीत बोटं कुडकुडतात म्हणून हातमोजे घातले. पडल्यावर तळहात सोलत नाहीत हा त्यांचा दुसरा फायदा.

दोन्ही पायांनी ढकलायचं, पाय उचलायचे, मनात अंक मोजायचे. पहिल्या दिवशी दोनपर्यंत. तिसऱ्या दिवशी सहापर्यंत. पाचव्या दिवशी उताराच्या वरून खालच्या कडुनिंबापर्यंत पाय न टेकता गेले. वळण मात्र अजून नाही.

एक गोष्ट इथंच पक्की झाली. पुढच्या चाकाकडे पाहिलं की सायकल डुलते, झाडाकडे पाहिलं की सरळ जाते. आणि ज्याला चुकवायचं त्या दगडाकडे बघत राहिलं तर सायकल त्याच दगडावर जाते. नजर मोकळ्या जागेवर ठेवायची.

१८ नोव्हेंबर

पायडल परत बसवताना चूक केली, आणि ही सगळ्यात महाग पडली. डावं-उजवं बघितलं नाही. आटे बसेनात म्हणून पान्यानं जोर लावला. क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांडीत बसतं तिचे, आटे खराब झाले. नवा क्रँक आणि मजुरी मिळून २३० रुपये, शिवाय बाजाराच्या दिवसापर्यंत तीन दिवस वाया. पायडलच्या टोकाला एल किंवा आर हे अक्षर कोरलेलं असतं. तेलाचं बोट फिरवून पुसलं की दिसतं. पहिले तीन-चार फेरे नेहमी हातानं फिरवायचे. हातानं फिरत नसेल तर काहीतरी चुकलंय.

२२ नोव्हेंबर

पायडलसह पहिल्यांदा चालवली. मैदानाला दोन फेऱ्या. उतरून कडुनिंबाला हात लावून उभी राहिले. यांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "मंग आता घरी चालवतच ये." नाही गेले. सडकेची भीती वेगळी आहे.

२५ नोव्हेंबर

पडले, चांगलंच. वळताना आतल्या बाजूचं पायडल खाली होतं, ते जमिनीला घासलं आणि सायकल उचलली गेली. कोपर आणि गुडघा सोलला. साबण-पाण्यानं धुतलं, उपकेंद्रात धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं. हळद, तंबाखू, माती काही लावू नका. मी गावाला हेच सांगत असते. वळताना आतल्या बाजूचं पायडल वर ठेवायचं.

३० नोव्हेंबर

सडकेवर पहिल्यांदा. फाट्यापर्यंत आणि परत, ३ किलोमीटर. कापसाच्या गाड्या सुरू आहेत. ट्रॅक्टरवरचा कापूस दोन्ही बाजूंनी सडकेवर ओसंडलेला असतो, मागून आला की मी सरळ खाली उतरून धुऱ्याला, वावराच्या बांधाला, उभी राहते. वेळ जातो, जाऊ द्या.

दुखण्याची यादी: बसायची जागा, निघाल्यावर दहाव्या मिनिटाला. पुढचा नाजूक भाग, आग होते. दोन्ही गुडघे, वाटीच्या समोर, चढावर. उजव्या हाताचा तळवा.

३ डिसेंबर

तीन दिवसांत काही कमी झालं नाही. सगळ्या बायांनी एकच सांगितलं, सवय होईल. दोन-तीन आठवड्यांत बसायची हाडं सरावतात हे खरं आहे, पण आग होणं आणि चामडी सोलणं ही सवयीची गोष्ट नाही. तशी सहन केली तर जखम होते.

सीटवरून उठून बघितलं तर जाड स्पंजात मोठा खड्डा. हाडं स्पंजात रुतून तळाला जातात आणि बाजूचा स्पंज वर येऊन मधल्या नाजूक भागाला दाबतो. दहा मिनिटांच्या बसण्याला मऊ गादी चांगली. त्यापुढे ती घासते.

हाडांचं माप असं घेतलं. औषधांच्या खोक्याचा नालीदार पुठ्ठा पायरीवर ठेवला, त्यावर गुडघे उंच येतील अशी बसले, किंचित पुढं वाकले. उठल्यावर पुठ्ठ्यावर दोन खळगे दिसले. एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत १३ सेंटिमीटर. सीटचा मागचा भाग त्यापेक्षा थोडा रुंद हवा, म्हणजे दोन्ही हाडं टेकतात आणि वजन हाडांवर जातं, मधल्या भागावर नाही. काकाजींकडे जुन्या लेडीज सायकलची, खाली दोन स्प्रिंगांची कडक सीट होती. १५० रुपयांत आणली. दिसायला दगड, बसायला बरी.

हे लिहायला संकोच वाटत होता, पण लिहिते, कारण याच कारणानं बाया सायकल सोडतात आणि कारण कुणाला सांगत नाहीत. आतल्या कपड्याची जाड शिवण बसायच्या जागी येऊ देऊ नका. सुती, घट्ट बसणारा, शिवण बाजूला असलेला घाला. मांडीच्या आतल्या बाजूला निघण्याआधी खोबरेल तेल. घरी आल्या आल्या ओले कपडे बदला. पाळीच्या दिवसांत पॅडची कड घासते, त्या दोन दिवसांत मी लांब जात नाही.

७ डिसेंबर

पुढची आग अजून थोडी राहिली होती म्हणून सीटचं नाक खाली झुकवलं. लगेच आराम वाटला.

१५ डिसेंबर

आराम फसवा निघाला. आठवडाभरात दोन्ही हातांच्या करंगळ्या आणि त्यांच्या शेजारची बोटं बधीर व्हायला लागली. सायकल थांबवून हात झटकले की पाच मिनिटांत बरं, पुन्हा बसले की पुन्हा. नाक खाली असल्यानं मी सारखी पुढं घसरत होते आणि घसरू नये म्हणून हातांनी हँडल रेटत होते. सगळं वजन तळव्यांवर. एक दुखणं काढलं, त्यानं दुसरं आणलं.

सपाट ओट्यावर सायकल उभी केली, सीटवर लाकडी पट्टी ठेवली, पट्टीवर गोल पेन ठेवला. पेन घरंगळेना तोवर सीट मागे-पुढे करून नट आवळला. कोपरं ताठ न ठेवता किंचित वाकवली. दोन दिवसांत बधीरपणा गेला. पुढची आगही परतली नाही, म्हणजे ती मुळात मऊ सीटचीच होती.

गुडघे मात्र तसेच.

१९ डिसेंबर

गुडघ्याचं कारण भीती होती. पाय जमिनीला टेकावेत म्हणून मी शिकतानाची खालची सीट तशीच ठेवली होती. पायडल वर आलं की गुडघा छातीकडे जायचा, आणि तशा मुडपलेल्या गुडघ्यानं चढावर जोर लावला की वाटीवर ताण.

माप असं: भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चालवताना पायाचा पुढचा भाग, अंगठ्यामागचा फुगवटा, पायडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासा वाक उरतो. तेवढाच हवा. मी आतापर्यंत तळव्याच्या मधोमध पायडल घेत होते, तेही चूक.

माझी सीट ६ सेंटिमीटर वर जायला हवी होती. एकदम नाही केली. दर दोन दिवसांनी एक बोट. सीटच्या नळीवर एक रेघ कोरलेली असते, ती फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर नळी मोडू शकते.

सीट वर गेली की थांबायचं कसं, हा खरा प्रश्न. उत्तर हे की सीटवर बसून थांबायचंच नाही. ब्रेक लावत सीटवरून पुढं सरकायचं, खालच्या पायडलवर उभं राहायचं, दुसरा पाय जमिनीवर टेकायचा. निघताना उलट. मैदानात हे एवढंच तीस वेळा केलं. ज्यांना सीट वर घ्यायची भीती वाटते त्यांनी आधी हे शिकावं. महिनाभर मी गुडघ्याला तेल चोळत बसले, आणि उपाय पान्यात होता.

२७ डिसेंबर

ओढणी मागच्या चाकात गेली. गळ्याला झटका बसला आणि सायकल जागच्या जागी थांबली. वेग कमी होता म्हणून वाचले. चाकाला जाळी नव्हती. काकाजींनी जुन्या सायकलीची बसवून दिली, ९० रुपये. आता ओढणी कमरेला बांधून पिन लावते. साडी असली तर आत लेगिंग, निऱ्या वर खोचलेल्या, पदर कमरेत. रबरी चप्पल बंद, पायडलवरून सटकते. कॅनव्हासचे बूट घालते.

सासूबाई साडीवरून दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "फाट्यावर जाऊन रायलीच तं माह्या बीपीच्या गोळ्या आणजो."

४ ते ११ जानेवारी: पंक्चरचा आठवडा

पांदणीनं सायकल घातली आणि आठ दिवसांत सहा पंक्चर. गावात पंक्चरवाला नाही. दोनदा सायकल ढकलत सडकेपर्यंत आणली, तिथून ऑटोच्या टपावर. पंक्चरचे ३० आणि ऑटोचे ४०, असं दोनदा. मग स्वतः शिकायचं ठरवलं. पंप २८०, पॅच-सोलूशनचा डबा ५०, टायर काढायचे दोन पाने ६०.

पहिलं पंक्चर काढलं, हवा भरली, सकाळी चाक बसलेलं. पॅच निघून आला होता. सोलूशन लावून मी लगेच ओलं असतानाच पॅच चिकटवला होता. आधी पॉलिश पेपरनं ट्यूब खरवडायची, सोलूशन पातळ पसरायचं, पाचेक मिनिटं थांबायचं. बोट लावल्यावर ओलं न लागता चिकट लागलं की मग पॅच लावून जोरात दाबायचा.

दुसरं काढलं, दोन किलोमीटरवर पुन्हा त्याच जागी. तिसरंही तिथंच. काटा टायरमध्ये तसाच होता! ट्यूब दुरुस्त करून मी त्याच काट्यावर बसवत होते. आता टायरच्या आतून सगळीकडे कापसाचा बोळा फिरवते. जिथं तंतू अडकतात तिथं काटा. बाभळीचा काटा बाहेरून मोडलेला असतो, दिसत नाही, आतून टोक असतं. सराटे दिसतात तरी, पण एकाच वेळी तीन-चार लागतात. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून पूर्ण फिरवायची. पहिला बुडबुडा दिसला की थांबायचं नाही, दुसरंही छिद्र असू शकतं.

सहावं पंक्चर पंक्चरच नव्हतं. व्हॉल्व्हमधली रबरी नळी चिरली होती. दोन रुपयांची वस्तू. आता पिशवीत चार ठेवते.

वाटही बदलली. पांदणीत मधल्या गवतातून चालवत होते, तिथंच सराटे असतात. बंडीच्या चाकोरीत माती दबलेली, काटे कमी. पण चाकोरी सरळ धरावी लागते, मधेच बाहेर पडायला गेलं की पुढचं चाक कडेला अडतं आणि माणूस आडवं. बाहेर यायचं तर उतरून यायचं.

२२ जानेवारी

पोडावरच्या बाईला मुलगी झाली, २० तारखेला, दवाखान्यात. आज तिसरा दिवस. सायकलनं गेले. पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर, वही. पिशवी खांद्याला लावली तर तोल जातो, कॅरिअरला ट्यूबच्या पट्ट्यानं बांधली. पायी ५० मिनिटं लागायची, आज २८. शेवटच्या चढाला उतरून ढकलली. गिअर नसलेल्या सायकलीवर चढ चढवण्यासाठी गुडघे घालवू नयेत.

बाळ २ किलो ४०० ग्रॅम. अंगावर पीत आहे.

२६ जानेवारी

सातवा दिवस. वाटेतल्या गोठ्याजवळची दोन कुत्री मागं लागली. मी जोरात पळवली, तीही जोरात धावली. परत येताना थांबून उतरले, सायकल माझ्या आणि त्यांच्या मधे धरली, मोठ्यानं दरडावलं. थोडं भुंकून गेली. पळणाऱ्या चाकामागे ती धावतात. चावलंच तर साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी रेबीजची लस.

९ फेब्रुवारी

एकविसावा दिवस. काल रात्री अवकाळी झाला. वाटलं, तासभर पाऊस, काय होणार. काळ्या मातीचं मला सांगायला नको होतं, जन्म वावरात गेला. तरी सायकल घेऊन निघाले.

तीनशे मीटरवर मागचं चाक फिरेना. टायर आणि मडगार्डच्या मधे चिखल गच्च. काडीनं काढला, वीस पावलं चालले, पुन्हा गच्च. माती कणकेसारखी चिकटते आणि वाळलेलं गवत तिच्यात मिसळलं की दोरखंड. सायकल ढकलली तर जात नाही, उचलली तर चिखलासकट दुप्पट जड. मधे अडकले, पुढंही दोन किलोमीटर, मागंही तेवढंच. सायकल धुऱ्यावरच्या पळसाला टेकवून कुलूप लावलं आणि पायी गेले. येताना दोघं कास्तकार हरभऱ्यातून येत होते, त्यांनी उचलून सडकेला आणून दिली. एकूण अडीच तास वाया, आणि चेनमध्ये माती गेल्यानं धुण्यात आणखी एक.

वाफसा होईपर्यंत, म्हणजे माती नांगराजोगी सुकेपर्यंत, काळ्या मातीत सायकल घालायची नाही. नांगर घालत नाही, तशीच. पुढच्या पावसाळ्यात काय करायचं याचा मार्ग अजून सापडलेला नाही. बहुतेक चार महिने पुन्हा पायीच.

मातीचं धुतल्यावर चेन कोरडी करून थेंब थेंब तेल द्या आणि वरचं पुसून काढा. मी आधी खूप तेल ओतलं होतं. त्यावर धूळ बसून काळा लगदा झाला.

२४ फेब्रुवारी

मासिक बैठकीला प्राथमिक आरोग्य केंद्रात सायकलनं गेले. ११ किलोमीटर, जायला १ तास १० मिनिटं. यायला दीड तास, कारण दुपारचा वारा तोंडावर होता. वारा असला की चढ असल्यासारखं समजायचं, हळू चालवायची, कोपरं वाकवून अंग थोडं खाली घ्यायचं. ऑटोचे ६० रुपये वाचले, पण दुपारी परतणं चूक होती. मार्चपासून बैठकीच्या दिवशी ऑटोच, किंवा उन्हं उतरेपर्यंत तिथंच थांबायचं.

दुसरी चूक मोठी. वाटेत कुठं जायला जागा नाही म्हणून सकाळपासून पाणीच प्यायले नाही. रात्री डोकं ठणकलं आणि लघवीला जळजळ. हे आमच्या सगळ्या बायांचं होतं, शेतावर, प्रवासात, लग्नात. मी शंभर जणींना समजावलंय आणि स्वतः तेच केलं. आता निघण्याआधी अर्धा तास दोन गिलास पाणी, जाऊन येणं, मग निघणं. बाटलीत एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दर पंधरा मिनिटांनी दोन घोट. वाटेत थांबायला दोन घरं ठरवून ठेवली आहेत, दोन्ही घरच्या बायांना सांगून ठेवलंय.

२ मार्च

बेचाळिसावा दिवस. सकाळी सातला निघाले, २१ मिनिटं. पळस फुललाय, उतारावर ब्रेक धरून सावकाश आले. चढाला आजही उतरले.

आतापर्यंतचा खर्च जोडला: २,५८० रुपये, त्यातले ५५० माझ्या चुकांचे, म्हणजे मऊ सीट आणि क्रँक. ऑटोनं नेलेल्या पंक्चरचे १४० वेगळे.

बाळ ३ किलो ८०० ग्रॅम. आईनं पुढच्या लसीची तारीख पाठ म्हणून दाखवली. बाळाची आत्या, सतरा-अठरा वर्षांची, सगळा वेळ सायकलच्या सीटला हात लावून उभी होती. मी वजन लिहून वर पाहिलं तर म्हणाली, "ताई, मी पडीन का?"

पिशवीतून पाना काढला. सीट तिच्या तळव्यांच्या मापानं खाली घेतली. उजवं पायडल डावीकडे फिरवून काढलं, डावं उजवीकडे. पोडासमोरच्या पटांगणाला विहिरीकडे उतार आहे, तो दाखवला आणि समोरच्या मोहाकडे बघायला सांगितलं. शुक्रवारी परत यायचंच आहे, म्हणून सायकल तिथंच ठेवली आणि दोन्ही पायडल पिशवीत घालून पायी आले. ५५ मिनिटं लागली.